ब्लॉक नाही, तरी अटॅक

"अँजिओग्राफीत ब्लॉक नाही" हे ऐकलं की नातेवाइकांचे हात आपसूक जोडले जातात. लगेच गावाकडे फोन जातो, "काही नाही, गॅस होता." हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, आणि हे बोलणं मी पुष्कळदा ऐकलं. त्यातल्या कित्येक पेशंटच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं असायचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली असायची. मुख्य रक्तवाहिन्या ५० टक्क्यांहून कमी अरुंद असूनही आलेल्या अशा अटॅकला डॉक्टर 'मिनोका' म्हणतात. शंभर अटॅकमध्ये असे साधारण ५ ते १० असतात. नेहमीच्या अटॅकपेक्षा यात बायका जास्त, आणि वयही बरेचदा कमी.

१. "मग अटॅक कशाने आला?" हे विचारा.

अँजिओग्राफीत दिसते ती रक्त वाहण्याची वाट. भिंतीतला चरबीचा लहानसा थर फुटून गुठळी झाली आणि पेशंट टेबलावर येईपर्यंत ती विरघळली, तर वाट मोकळीच दिसणार. अगदी बारीक रक्तवाहिन्या तर त्या चित्रात येतच नाहीत. म्हणून पुढची तपासणी लागते. इको होतोच; शक्य असेल तिथे हृदयाचा एमआरआय पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत करून घ्यावा. खरोखर अटॅक होता की हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, हे त्यात बरंचसं उलगडतं, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. तालुक्याच्या गावी ही सोय नसते, मोठ्या शहरात जावं लागतं, खर्चही होतो. तरीही कारण न शोधता घरी जाणं मला पटत नाही.

२. तरुण बाईच्या छातीतलं दुखणं अ‍ॅसिडिटीच्या नावावर टाकू नका.

मुलांचे डबे भरून, सासऱ्यांचा चहा देऊन, मग दवाखान्यात आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जबडा दुखतो, पाठ भरून येते, दम लागतो, दरदरून घाम फुटतो. यातल्या काहींच्या रक्तवाहिनीच्या भिंतीचे थर आपोआप एकमेकांपासून सुटलेले असतात, आत रक्त साचतं आणि वाट दाबली जाते. या आजाराला 'स्कॅड' म्हणतात. दहापैकी जवळपास नऊ रुग्ण बायका असतात. अनेकींना ना बीपी, ना शुगर. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही तो गाठतो. तेव्हा बाळंतिणीच्या छातीत कळ आली तर वारा लागला म्हणून शेकत बसू नका, ईसीजी काढा. आणखी एक सांगते. अशा वेळी डॉक्टरांनी स्टेंट टाकला नाही म्हणून चिडू नये. स्टेंट टाकताना ती फाट वाढू शकते, आणि पेशंट स्थिर असेल तर बहुतेक फाटी काळानं स्वतःच भरून येतात.

३. मिश्रीही तंबाखूच आहे.

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की आमच्याकडच्या बायका ठामपणे "नाही" म्हणायच्या. मग मी विचारायला लागले, "मिश्री लावता का?" उत्तर यायचं, "ती तर लावतेच की, पहाटे उठल्याबरोबर." निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, मग ते विडीतून जावो की हिरडीतून. रक्तवाहिनी अचानक आवळून येणाऱ्या अटॅकला धूम्रपान हे मोठं कारण मानलं जातं. ही कळ बहुधा आराम करताना, मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत येते. सकाळी दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी पूर्ववत झालेला असू शकतो. म्हणून कळ कितीला आली, काय करत होता, किती वेळ टिकली, हे कागदावर लिहून आणा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

४. औषधांची सगळी पिशवी सोबत आणा.

अर्धशिशीच्या काही गोळ्या, विशेषतः एर्गोटामिन असलेल्या, रक्तवाहिन्या आकुंचित करतात. बीटा ब्लॉकर गटातली बीपीची काही औषधं आवळण्याचा हा त्रास वाढवू शकतात. तिथे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर कामी येतात. शेजाऱ्याला लागू पडलेली हृदयाची गोळी तुम्हाला चालेलच असं नाही.

५. दुःखाने हृदय खरोखर दुबळं होतं.

घरात मयत झाली आणि दहाव्याच्या आत बाईच्या छातीत दुखू लागलं, की कुणीतरी "नाटक करते" म्हणतंच. मला याचा फार संताप येतो. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णन केलेल्या 'ताकोत्सुबो' आजारात डाव्या कप्प्याचा खालचा भाग फुगतो, त्याचं आकुंचन मंदावतं आणि ट्रोपोनिनही वाढतं. हा मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांचा आजार. शोक, भांडण, ऑपरेशन, मोठं आजारपण, काहीही निमित्त पुरतं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत सुधारतं, पण पहिले काही दिवस धोक्याचे असतात.

६. रक्ताकडेही पाहा.

हिमोग्लोबिन फार उतरलेलं असेल तर मोकळ्या रक्तवाहिन्यांतूनही हृदयाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही गोष्ट साधी समजू नका. हृदयाची झडप खराब असेल, ठोके अनियमित असतील, किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. गुठळीचं मूळ तिथे असू शकतं.

७. घरी गेल्यावर गोळ्या बंद करू नका.

"ब्लॉक नाही ना, मग कशाला?" असं म्हणून गोळ्या सोडलेले पेशंट पुन्हा आमच्याच खाटांवर आले. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल इथेही सांभाळावंच लागतं. डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी हाताशी ठेवा. पुन्हा कळ आली आणि थांबेना, तर १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "मला ब्लॉक नसताना अटॅक येऊन गेलाय."