राखण नसलेले शेत

कोडोलीची शेते उसाची. उसाचा पाला हात कापतो, बुडखा पायात घुसतो. आपण वर तंबाखू दाबतो आणि कामाला लागतो. चार दिवसांत जखम भरते.

ती कोण भरते? तंबाखू नव्हे! आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. जंतू शिरले की त्या लढतात. पू होतो, तो या लढाईमुळे.

कर्करोग झालेल्या माणसाची गोष्ट निराळी. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आपल्याकडची माणसेही तेथे जातात, औषध घेऊन गावी येतात. हे औषध रोग मारते, पण राखणदारही मारते. पुष्कळदा दुसऱ्या आठवड्यात ते फार कमी उरतात.

अशा वेळी क्वचित जंतू कातडीखालच्या मांसात पसरतात. काही तासांत मांस सडू लागते. लढाई नाही, म्हणून पू नाही. घरचे म्हणतात, "काय न्हाई, बारकी जखम हाय." इथेच घात होतो.

खुणा ओळखा. जखम लहान, पण ठणका फार. सूज पसरते. कातडी काळीनिळी पडते, फोड येतात. ताप १००.४ अंशांवर जातो. एक खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नका. मोठा दवाखाना गाठा. कर्करोगाचे औषध चालू आहे, हे आधी सांगा. डॉक्टर शिरेतून औषध देतात, सडलेले मांस कापून काढतात. उशीर झाला, तर जीव जातो.

मंडळी, जखम साबणपाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने झाका. तंबाखू, चुना लावू नका.

सांगा पाहू : पू नाही, तरी धोका का?