दिसतं तसं नसतं

बापू, ऑपरेशन ठरलं हे बरं झालं. टॉन्सिल काढणं, पडजीभ आणि टाळूचा लोंबता भाग कापून-शिवून श्वासाची वाट मोकळी करणं, हे डॉक्टरांचं काम. पुढचे पंधरा दिवस मात्र तुझे. मीही यातून गेलोय, म्हणून सांगतो: या दुखण्यात दिसतं तसं नसतं.

पहिल्या दिवशी फुशारकी नको. भुलीचा अंमल असतो तोवर हलकं वाटतं. ठणका तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढतो. म्हणून औषध दुखल्यावर नाही, घड्याळ लावून घ्यायचं. गोळी गिळणं जिवावर येतं, तेव्हा पातळ औषध लिहून माग. ॲस्पिरिन किंवा झोपेची गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही. एकीनं रक्त लवकर थांबत नाही, दुसरीनं श्वास मंदावतो. आणि आपला मूळ रोगच झोपेत श्वास अडण्याचा.

कान ठणकेल, पण कानाला काही झालेलं नसतं. घशाची नस कानापर्यंत जाते, म्हणून कळ तिथं निघते. आत तेल सोडू नको. आरशात घशाशी पांढरी-पिवळी साय दिसेल, तोंडाला वास येईल. तो पू नव्हे, खपली आहे. खरवडू नको. ताप चढला तर मात्र डॉक्टरांना कळव.

घसा दुखतो म्हणून पाणी तोडलंस की तो सुकतो आणि दुप्पट दुखतो. तांब्या उशाशी ठेव, घोट घोट पीत राहा. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय समज. स्ट्रॉ नको, ओढीनं टाके ताणतात. कधी पाणी नाकातून येईल. घाबरू नको, घोट लहान कर. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत थांबतं.

जेवण औषधानंतर अर्ध्या तासानं. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गार करून, दूध घालून खा. मुगाची आसट खिचडी चालेल. ठेचा, चिवडा, शेंगदाणे, भाकरीचा कडक पापुद्रा, लिंबू यांतलं काही नको. खर्ऱ्याचं तर नाव काढू नको. झोपताना पाठीशी लोड-उशा लावून डोकं उंच ठेव, सूज लवकर उतरते.

सगळ्यात फसवा दुसरा आठवडा. बरं वाटू लागतं, आणि नेमक्या तेव्हाच खपल्या सुटतात. रक्त येऊ शकतं. तुझा तो आठवडा पालखीच्या सुमारास येतोय. श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना आपल्या खामगावी मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी हजारो लोक तिच्यासोबत पायी शेगावला निघतात. तुझेही पाय शिवशिवतील. यंदा दारातूनच हात जोड. पोतं उचलणंही नको. ताजं लाल रक्त दिसलं तर ताठ बस, मान पुढे घे, रक्त गिळू नको, थुंकून टाक, आणि थेट रुग्णालय गाठ. सकाळची वाट बघायची नाही. खामगावहून अकोला सुमारे 50 किलोमीटरवर, म्हणून रात्री-अपरात्री कुठे जायचं आणि गाडी कोणाची, हे आधीच ठरवून सूनबाईंच्या मोबाइलमध्ये नंबर घालून ठेव.

आणि शेवटचं. घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला, असं नाही. आवाज बंद झाला तरी झोपेत श्वास अडत राहू शकतो. ते स्लीप स्टडीतच, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीतच कळतं. 1981 साली अमेरिकेत डॉ. फुजितांनी या आजारावर हे ऑपरेशन मांडलं, त्याच साली ऑस्ट्रेलियात डॉ. सुलिव्हन यांनी सीपॅपचा, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या यंत्राचा उपाय दिला. दोघं जुळी भावंडंच म्हण. एकाचं काम अपुरं पडलं तर दुसऱ्याला बोलवण्यात कमीपणा नाही. फेरतपासणी तीन-चार महिन्यांनी होते. तिची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घे. एकदा का कापसाचा हंगाम लागला, की तू काही दवाखान्याची पायरी चढणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे.