न्यूमोकोकल लसीकरण : प्राधान्य कोणाला?

दिल्ली व राजधानी परिसरात हिवाळ्याच्या तोंडावर हवा धुरकट होते आणि रुग्णालयांत श्वसनविकाराच्या रुग्णांची गर्दी वाढते. अशा रुग्णांमधील वृद्धांना न्यूमोनिया झाल्यास तो जिवावर बेतू शकतो. न्यूमोकोकस हा जिवाणू त्याचे एक प्रमुख कारण असून, त्यावर लस उपलब्ध आहे.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बालकांसाठी ही लस २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली व २०२१ पासून तिचा देशभर विस्तार झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली स्वदेशी लस डिसेंबर २०२० मध्ये उपलब्ध झाल्याने या विस्तारास बळ मिळाले. सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयात बालकांना ती विनामूल्य मिळते. बालकांच्या नाकाघशातील जिवाणू कमी झाले की घरातील वडीलधाऱ्यांनाही अप्रत्यक्ष संरक्षण लाभते. अमेरिकेत २००० नंतर हा अनुभव आला.

प्रौढांचे चित्र मात्र निराळे आहे. बहुतेकांना ही लस स्वखर्चानेच घ्यावी लागते. निरोगी तरुणांना तिची सरसकट गरज नसते. वृद्ध, मधुमेही, हृदय, फुफ्फुस, यकृत वा मूत्रपिंडाचे जुने विकार असणारे, धूम्रपान करणारे, प्लीहा काढलेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना अधिक धोका संभवतो. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढील सुमारे ८५ हजार व्यक्तींवर झालेल्या चाचणीत, लसीत समाविष्ट प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी, तर रक्तात वा अन्यत्र पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी घटला. अर्थात, ही लस प्रत्येक न्यूमोनिया रोखत नाही.

येथेच आर्थिक विसंगती दिसते. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिकांचा समावेश झाला. दिल्लीही २०२५ मध्ये या योजनेत सहभागी झाली. न्यूमोनियाग्रस्त वृद्धाच्या रुग्णालयीन उपचारासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तो आजार टाळू शकणाऱ्या लसीसाठी मात्र तरतूद नाही. परिणामी, ज्याला लसीची गरज सर्वाधिक, तो निर्धन वृद्धच तिच्यापासून वंचित राहतो.

सर्व प्रौढांना मोफत लस देणे मर्यादित निधीत परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. मधुमेह व दम्याची औषधे घेण्यासाठी जे रुग्ण दरमहा सरकारी दवाखान्यात येतात, त्यांच्यापासून प्रारंभ करता येईल. अशा रुग्णांची नोंद तेथे असतेच. खर्चाचे प्राधान्य तेवढे ठरवायचे आहे.