जेल मुरतं ते वितळताना

पोरी, उदगीरच्या कॉलेजचा प्रकल्प सुट्टीत कमलनगरला घरी बसून करायचा म्हणतेस, तर हायड्रोजेलचं एवढं ध्यानात ठेव.

पूड नीट बघून घे. लाकडाला लावायचा पांढरा डिंक पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा असतो, तो चालत नाही. आपल्याला हवं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, तेही ९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड. साखळीवर ॲसिटेट जास्त उरलं तर साखळ्या एकमेकींना धड चिकटत नाहीत.

शंभर ग्रॅम द्रावणाला दहा ग्रॅम पूड घे. गार पाण्यात ढवळत भुरभुरव, मग भांडं गरम पाण्यात ठेवून ९० अंशांपर्यंत तापव. उकळत्या पाण्यात एकदम ओतलीस तर बिघडलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतील. जेवढं पाणी उडालं तेवढं वजन करून परत घाल. फुगे निघेपर्यंत झाकून ठेव. भांडी स्वयंपाकाची नकोत.

साचा काठोकाठ भरू नको, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. उणे २० अंशांना रात्रभर राहू दे. बर्फ वाढताना साखळ्यांना दाटीवाटीनं एका बाजूला रेटतो. तिथं त्यांचे बारीक स्फटिक बनतात आणि गाठींचं काम करतात, म्हणून ग्लुटाराल्डिहाइडसारखं विषारी रसायन लागत नाही. निकोलस पेपस यांनी १९७५ मध्येच अशा गोठवलेल्या द्रावणांचा अभ्यास केला होता.

खरी मेख वितळवण्यात आहे. शून्याच्या जरा खाली जेल जितकं रेंगाळेल, तितके स्फटिक वाढतात. आपल्याकडच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलंस तर बघता बघता सुटेल. थर्माकोलच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव.

वीज गेली की वेळ वहीत लिही. मधेच अर्धवट वितळलेला नमुना बाकीच्यांच्या रांगेत बसवू नको.

गोठवण्या-वितळवण्याचे असे तीन ते पाच फेरे कर. ताकदीची मोठी वाढ पहिल्या काही फेऱ्यांतच होते. आणखी बळ हवं असेल तर जेल सोडियम सायट्रेटच्या दाट द्रावणात बुडव. लॉस एंजेलिसच्या शिमिन ही यांच्या गटानं २०२१ मध्ये एकाच दिशेनं गोठवून, मग असं क्षार लावून फार चिवट जेल केलं.

तयार जेल उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायला जाऊ नको, गाठी सुटतील. एका मापाच्या पट्ट्या काप, फडक्यानं वरचं पाणी टिप, प्रत्येकीला सारखंच वजन लाव. मगच सांग, कितव्या फेऱ्याचं जेल जास्त टिकलं.