पासबुकातलं इंग्रजी आणि लेकीच्या वहीतलं इंग्रजी



जूनच्या मासिक बैठकीत एक ताई पासबुक हातात घेऊन तावातावाने आल्या. "माझ्या खात्यातून 436 रुपये कुणी काढले? मी तर कुठं सही केली नाही!" नोंदीत नुसती सहा इंग्रजी अक्षरं होती. कुणी म्हणालं बँकेनं खाल्ले, कुणी अध्यक्षताईंकडे बघायला लागलं. दहा वर्षांचा गट त्या दिवशी मोडला असता.

ताईंची नुकतीच नववीत गेलेली लेक दाराशी उभी होती. तिला आत बोलावलं. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं: पी, एम, जे, जे, बी, वाय. त्याचा अर्थ मी सांगितला. प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना. वर्षाला 436 रुपये हप्ता, 2 लाखांचा विमा, मुदत 1 जून ते 31 मे. म्हणून मे महिन्यात पैसे कापले जातात. ताईंनी बँकेत सही केली होती, फक्त कागद वाचला नव्हता. मग वारसदार कोण ते बँकेत पाहिलं, तर सासूबाईंचं नाव. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती!

ह्याच लेकीबद्दल ताई मला आधी म्हणाल्या होत्या, "इंग्रजी हिच्या डोक्यात जात नाही. दहावी झाली की बस." आठवीत ती इंग्रजीत काठावर पास झाली होती. पण त्या दिवशी आख्ख्या गटाचं भांडण तिच्या सहा अक्षरांनी मिटलं.

मी स्वतः मराठी माध्यमातली. समाजकार्याच्या कॉलेजात इंग्रजी पुस्तक पाहून रडले होते, म्हणून ही भीती मला माहीत आहे. ती पाठांतरानं जात नाही, रोजच्या वापरानं जाते. म्हणून ह्या महिन्याचा पाठ आई आणि लेकीनं मिळून करायचा आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. कागद तुमचा, अक्षर तिचं.

1. वाचणं: घरातले तीन कागद

पासबुक: 'डेबिट' किंवा 'विड्रॉवल' म्हणजे खात्यातून गेले. 'क्रेडिट' किंवा 'डिपॉझिट' म्हणजे जमा झाले. 'बॅलन्स' म्हणजे शिल्लक. लेकीला एका महिन्याच्या नोंदी वाचायला लावा आणि प्रत्येक रक्कम कशाची ते तुम्ही सांगा. जी सांगता येणार नाही, ती बँकेत विचारायची.

औषधाची पट्टी: 'एक्सपायरी' शब्दाची पहिली तीन अक्षरं छापलेली असतात, ई-एक्स-पी. त्यापुढचा महिना आणि वर्ष उलटून गेलं असेल तर ते औषध घ्यायचं नाही. गोळ्या कापून घेताना तारखेचा भाग राहू द्या.

फवारणीच्या औषधाची बाटली: लेबलवर रंगीत चौकोन असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन' म्हणजे विष, निळ्यावर 'डेंजर' म्हणजे धोका, हिरव्यावर 'कॉशन' म्हणजे सावधान. हिरवा म्हणजे बिनधोक असं समजू नका. फवारणीला आपलीच माणसं जातात.

2. लिहिणं: एक खरा अर्ज

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पत्रलेखन असतं. मुली ते घोकतात, कारण ते कुणालाच पाठवायचं नसतं. त्या ताईंच्या लेकीनं खरं पत्र लिहिलं, बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना, वारसदाराचं नाव बदलण्याबद्दल. तारीख, कोणाला, विषय, खाते क्रमांक, मागणी एका वाक्यात, शेवटी आईची सही. बँकेनं त्यावर भरायला फॉर्म दिला. त्यात नाव, पत्ता, वय, नातं हेच इंग्रजी शब्द होते. ते तिच्या पुस्तकातलेच निघाले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बँकेत अर्ज मराठीतही देता येतो, इंग्रजी आपण सरावासाठी लिहितोय. आणि खात्याचा वारसदार व विम्याचा वारसदार वेगवेगळा नोंदवलेला असू शकतो, तेव्हा दोन्ही तपासा. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

3. बोलणं: चुलीपाशी बँक

भाकरी थापताना तुम्ही कॅशियर व्हा, लेक खातेदार. तिनं विचारायचं: "व्हाय वॉज धिस अमाउंट डेबिटेड?" म्हणजे ही रक्कम का कापली? "व्हॉट डॉक्युमेंट्स आर रिक्वायर्ड?" म्हणजे कोणती कागदपत्रं लागतात? आणि सगळ्यात कामाचं वाक्य: "प्लीज एक्सप्लेन इन मराठी." म्हणजे कृपया मराठीत समजावून सांगा. हे म्हणण्यात लाज कसली? चुकली तर हसू नका. चूक करायला घरासारखी जागा नाही.

मोबाईलवरचा मेसेज

'ब्लॉक', 'केवायसी', 'लिंक' हे शब्द असलेला मेसेज आला की घाईनं बोट लावू नका. आधी लेकीकडून वाचून घ्या, मग शाखेत जाऊन विचारा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ह्या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

गृहपाठ

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं पासबुक आणि घरातली एक शाळकरी मुलगी, मुलगा किंवा सून सोबत आणायची. पासबुकात 436 किंवा 20 रुपयांची विम्याची नोंद आहे का ते पाहायचं. 20 रुपयांचा हप्ता अपघात विम्याचा असतो. वारसदार कोण, ते वहीत लिहून आणायचं.

आणि त्या ताई? परवा भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, अकरावीचा फॉर्म कधी निघतो हो?" मी म्हटलं, अजून दोन वर्षं आहेत. त्या म्हणाल्या, "असू द्या. आत्ताच विचारून ठेवते."

तुमची,
क्षेत्र समन्वयक