टिटवाळ्यातून रेसचा नाद : कुठे किती खर्च, कुठे वाचवाल?

मोटर रेसिंगचा नाद म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं सरसकट म्हटलं जातं. प्रत्यक्षात खर्च ठरतो तो तुमचा लाडका ड्रायव्हर कोण, यावर. फॉर्म्युला वनच्या हॅमिल्टन किंवा वेर्स्टाप्पनचे चाहते असाल, तर त्यांना पडद्यावर बघणं स्वस्त आणि प्रत्यक्ष बघणं लाखाच्या घरात. पुण्याच्या डायना पंडोले किंवा कोल्हापूरचा ध्रुव मोहिते यांच्या मागे असाल, तर हिशोब उलटा. हे ड्रायव्हर टीव्हीवर क्वचित दिसतात, पण त्यांची रेस ट्रॅकच्या कडेला उभं राहून बघणं मध्यमवर्गीय खिशाला झेपतं. पुढचे भाव ढोबळ आहेत. पैसे भरायच्या दिवशी पुन्हा तपासा.

घरी बसून

२०२४ पासून फॉर्म्युला वन भारतात फॅनकोड या अॅपवर दिसू लागलं. एकेका रेसचा पास आणि मोसमाचा पास, असे दोन पर्याय असतील तर मोसमाच्या किमतीला एका रेसच्या किमतीने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त रेस बघणार असाल, तरच मोसमाचा पास घ्या. २०२४ आणि २०२५ मध्ये २४-२४ रेस झाल्या, पण त्यातल्या तुम्ही जागेपणी किती बघणार, हे आपल्या घड्याळाने ठरतं :

- ऑस्ट्रेलिया, जपान : सकाळी साडेनऊ ते साडेदहा
- युरोपातल्या बहुतेक रेस : संध्याकाळी साडेसहा
- ब्राझील : रात्री साडेदहा
- कॅनडा : रात्री साडेअकरा
- ऑस्टिन, मेक्सिको, मायामी : मध्यरात्रीनंतर साडेबारा ते दीड

वेळा दरवर्षी थोड्या हलतात, पण साचा हाच. मायामीची रेस संपेपर्यंत सोमवारचे साडेतीन वाजतात. सकाळी सहा-सातची सीएसएमटी लोकल पकडणाऱ्याने त्या रेसचे पैसे भरावेत का, हे ज्याचं त्याने ठरवावं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसायला जागा मिळाली तर पंधरा-वीस मिनिटांचे हायलाइट्स पुरतात.

मोबाइलवर बघणाऱ्यांनी डेटाचं गणित आधी मांडावं. एचडीत तासाला साधारण दीड ते दोन जीबी जातो आणि रेस दीड-दोन तास चालते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती अर्ध्यात अडकते. रोजचा डेटा मध्यरात्री नव्याने सुरू होत असेल, तर कॅनडाची रेस दोन दिवसांच्या डेटात विभागली जाते. मायामीची मात्र सोमवारचा डेटा पहाटेच संपवते. घरी ब्रॉडबँड असेल तर प्रश्न मिटतो. पण ३९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरला की बिल ४७१ चं येतं, हे लक्षात ठेवा. वीज जाते तिथे राउटरचा मिनी यूपीएस कामाला येतो. तो हजार-दीड हजारात मिळतो.

एक सावधगिरी : पास घेताना यूपीआय ऑटोपे सुरू झालंय का ते पाहा. नको असेल तर यूपीआय अॅपमध्ये जाऊन लगेच बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी पैसे आपोआप कापले जातील.

मुंबईत मोठ्या पडद्यावर

लोअर परळ किंवा अंधेरीच्या पबमध्ये रेस दाखवतात. कव्हर चार्ज खाण्यापिण्यात वळता होतो की नाही, ते आधी फोनवर विचारा. टिटवाळकरांनी या वाऱ्या युरोपातल्या रेसपुरत्याच ठेवाव्यात. साडेसहाची रेस साडेआठच्या आसपास संपते आणि परतीची लोकल आरामात मिळते. ब्राझीलची रेस बघत बसलात, तर रात्री बाराच्या सुमाराला सुटणारी शेवटची कसारा लोकल हुकण्याची भीती. मग टॅक्सीला दीड-दोन हजार मोजावे लागतात. शिवाय दिवस रविवारचा असतो. निघण्याआधी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून घ्या.

टोपी, टी-शर्ट, मॉडेल

बजेट कोसळतं ते इथे. संघाची अस्सल टोपी साधारण अडीच ते पाच हजारांना, टी-शर्ट त्याहून महाग. शहाडला उतरून उल्हासनगरच्या बाजारात गेलात तर तशीच दिसणारी टोपी दोन-तीनशेत मिळेल. ती नक्कल आहे हे माहीत असून घेतली तर फसवणूक नाही. मात्र तीच टोपी ऑनलाइन कोणी ‘ओरिजिनल’ म्हणून १,८०० ला विकत असेल, तर टोपी उलटी करून आतून बघा. नकलेच्या शिवणीतून धागे लोंबतात, लोगोची भरतकामाची कड विस्कटलेली असते. त्याहून पक्की खूण कागदावर असते : आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. लेबल नसेल तर परत करा.

संघाच्या नावापेक्षा ड्रायव्हरच्या क्रमांकाची वस्तू घ्या. हॅमिल्टन २०२५ मध्ये मर्सिडीज सोडून फेरारीत गेला आणि त्याच्या चाहत्यांच्या मर्सिडीजच्या टोप्या एका झटक्यात जुन्या झाल्या. ४४ हा क्रमांक मात्र त्याच्यासोबतच गेला.

परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियरचं हाताळणी शुल्क धरून दारात पडणारी किंमत आधी काढा.

देशात, ट्रॅकच्या कडेला

३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडात भारताची पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. २०१३ नंतर ती रेस बंद पडली. आता बघण्यासारखी आहे ती राष्ट्रीय स्पर्धा, मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथे आणि कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर. पंडोले यांनी २०२४ मध्ये याच राष्ट्रीय स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. राष्ट्रीय कार रेसिंग विजेतेपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

कल्याणहून चेन्नईला स्लीपरचं तिकीट साधारण ६००, थ्री एसी १,५०० ते १,७००, एकेरी. प्रवास जवळजवळ दिवसभराचा. ट्रॅक शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, बंगळुरू महामार्गालगत आहे. म्हणून मुक्काम चेन्नईत न करता श्रीपेरुंबुदूरकडे करा. प्रेक्षकांना प्रवेश बऱ्याचदा मोफत किंवा नाममात्र असतो. इथे पॅडॉकजवळ ड्रायव्हरशी दोन शब्द बोलता येतात, सही मिळते. खर्चात ही गोष्ट धरा.

त्याहून जवळ कोल्हापूर. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे रेसर याच गावचे. मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅकही इथलाच. महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला रात्री मिळते आणि सकाळी पोचवते. स्लीपरला तीनशे-साडेतीनशे. ट्रॅक त्या दिवशी खुला आहे का, हे विचारूनच निघा. दुचाकीवाल्यांचे चाहते असाल तर पुण्यावर लक्ष ठेवा. सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीत झाली होती.

परदेश आणि रद्द होण्याचा धोका

सिंगापूर किंवा अबुधाबीच्या वीकेंडला विमान, तीन रात्री हॉटेल आणि तिकीट धरून माणशी दीड ते दोन लाख धरा. रेसच्या दिवसांत सर्वात जास्त फुगतं ते हॉटेल. कार्डाने पैसे भरल्यास परकीय चलनाचं शुल्क साधारण दोन ते साडेतीन टक्के, वर जीएसटी.

तिकीट घेताना परताव्याची अट वाचा. इमोलाची २०२३ ची रेस पुरामुळे रद्द झाली. हैदराबादची २०२४ ची फॉर्म्युला ई रेस महिनाभर आधी गेली. त्याच वर्षीची भारतातली मोटोजीपीही झाली नाही. रद्द करता येणारं हॉटेल चार पैसे महाग पडलं तरी तेच घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तोवर तारखा पक्क्या झालेल्या असाव्यात. पावत्या जपा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

वर्षाचा हिशोब

- फक्त पडदा : पास, आणि घरी आधीच असलेलं इंटरनेट. बाकी शून्य.
- पडदा, एक अस्सल टोपी आणि कोल्हापूरची एक फेरी : राहण्याखाण्यासह आठ ते दहा हजार.
- वरच्यात टोपीऐवजी चेन्नईची एक रेस : बारा ते पंधरा हजार.
- परदेशातली एक रेस : दीड लाखाच्या पुढे.

पहिल्यांदाच पैसे घालणार असाल तर टोपीवर घालू नका. ते चेन्नईच्या तिकिटाला ठेवा. इंजिनाचा आवाज एकदा कानांनी ऐकला की कुठला ड्रायव्हर आपला आणि त्याच्यापायी किती खर्च करायचा, हे ठरवणं सोपं जातं.