सुट्टी होण्याआधी

मामंजींना लकवा मारला तेव्हा नांदेडच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. सुट्टीच्या दिवशी सिस्टरनं सगळं नीट समजावलं म्हणे. ऐकायला उभे होते आमचे भाऊजी, हातात बिलाची पावती, कानाला मोबाईल. ते रात्रीच्या गाडीनं पुण्याला कामावर गेले. कूस बदलणं, नाकातल्या नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं आलं सासूबाईंच्या आणि माझ्या वाट्याला. पुरुषांच्या वॉर्डात पास एकच, तोही भाऊजींकडे. आम्ही दोघी व्हरांड्यात.

घरी पोरं हात लावतात म्हणून लघवीची पिशवी खाटेच्या वर, खिडकीच्या गजाला टांगली गेली. पिशवीतली लघवी अशानं उलटी आत जाते आणि जंतूही घेऊन जाते, हे थंडी वाजून ताप भरल्यावर कळलं. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. भेटायला आलेल्या एका आत्याबाईंनी मायेनं चमचाभर पाणी पाजलं, तर ठसक्यानं मामंजींचा जीव घाबरा झाला. गिळता येत नाही म्हणून तर नळी घातलेली असते! डॉक्टर सांगेपर्यंत तोंडानं काहीही द्यायचं नाही, आणि हे पाहुण्यांना दारातच सांगायचं. वाईटपणा आला तर येऊ द्या.

भरवताना पाठीला गादीची वळकटी लावून रुग्णाला बसतं करा, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. आंबील पातळ करून फडक्यातून गाळून घ्या, शेवटी नळीत साधं पाणी सोडा, नाहीतर ती तुंबते. कोणती गोळी कुटायची नाही, तेही विचारून घ्या. नाकापाशी नळीवर खूण करून घ्या. खूण सरकलेली दिसली तर नळी आत ढकलू नका. भरवणं थांबवून दवाखाना गाठा. दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाड रोज उजेडात बघा. लाली उठली आणि दाबूनही जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजा.

म्हणून नांदेड असो की लातूर, सुट्टी ठरली की ज्या बाईच्या हातून हे होणार तिला आदल्या दिवशी वॉर्डात आणा. पासासाठी भांडावं लागलं तर भांडा. सिस्टरसमोर तिनं स्वतः एकदा भरवावं, एकदा कूस बदलावी. सिस्टरला वेळ नसतो, हे खरं. पण शिकणाऱ्या बाईच्या कमी शिक्षणाचं कारण कुणी पुढे करू नये. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्यानं खेड्यातल्या बायांना नवजात बाळांची देखभाल शिकवली, आणि बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला.

सरकारी योजनेतून उपचार झाले असतील, तर सुट्टीनंतरची औषधं आणि तपासणी त्यात किती दिवस बसते, हे आरोग्यमित्राला विचारा. ताप, गढूळ लघवी, धाप यांपैकी काहीही दिसलं तर सुट्टीच्या कार्डावरच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.